बाबासाहेबांच्या पदव्यांचा जमाखर्च

जून महिना उजाडला की घराघरांत प्रवेशअर्जांबरोबर एक वही उघडली जाते. एका पानावर महाविद्यालयाचे शुल्क, वसतिगृहाचे भाडे, पुस्तके, प्रवास. दुसऱ्या पानावर पदवीनंतर हाती पडू शकणारा पगार. मुलाने किंवा मुलीने अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र किंवा मानववंशशास्त्र हे विषय निवडले असतील, तर दुसरे पान बहुधा कोरेच राहते. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शिक्षणासाठी कर्ज काढताना पालक कचरत नाहीत; सामाजिक शास्त्रांसाठी कर्ज काढायचे म्हटले की पेन थबकते. ही भीती अनाठायी नाही. मात्र ती आजची नाही, आणि ज्यांनी ती सर्वांत कठीण परिस्थितीत पचवली त्यांचे नाव आपण रोज घेतो. त्यांचे पुतळे आणि जयंत्या आपल्या परिचयाच्या आहेत. त्यांच्या शिक्षणाचा जमाखर्च मात्र फारसा कोणी मांडत नाही.

४ जून १९१३ रोजी बडोदे संस्थानच्या शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यासमोर बावीस वर्षांच्या एका तरुणाने करारनाम्यावर सही केली. नाव भीमराव रामजी आंबेडकर. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी संस्थान त्याला दरमहा साडेअकरा पौंड देणार होते, मुदत तीन वर्षांची. त्या बदल्यात नेमून दिलेल्या विषयांतच वेळ खर्च करायचा आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, अशी अट होती. त्या काळी एका पौंडाला पंधरा रुपये असा दर होता. म्हणजे महिन्याला सुमारे १७२ रुपये आणि तीन वर्षांचे मिळून सहा हजार दोनशेच्या आसपास. या रकमेसाठी आयुष्याची दहा वर्षे तारण ठेवली गेली होती.

घरचे भांडवल

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरजवळच्या महू येथील लष्करी छावणीत झाला. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवीत असत. महार जातीतील या कुटुंबाला शिक्षणाची गोडी लागली ती लष्करामुळे. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतन तुटपुंजे आणि माणसे पुष्कळ. आई भीमाबाई लवकर गेली. दापोली, सातारा आणि शेवटी मुंबईतील परळची चाळ असे बिऱ्हाड हलत राहिले.

मुलाला नवे पुस्तक हवे झाले की रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांच्याकडून पैसे किंवा एखादा दागिना उसना आणत, तो गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून परत करीत. भीमरावांच्या शिक्षणावरचे पहिले कर्ज हे असे होते. त्याला कागद नव्हता आणि व्याज बहिणींच्या गळ्याने भरले. पुढे आपल्या एका ग्रंथाची अर्पणपत्रिका आईवडिलांच्या नावे लिहिताना त्यांनी शिक्षणासाठी त्या दोघांनी केलेल्या त्यागाचा निर्देश केला, तो उपचार म्हणून नव्हे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजात ही घटना इतकी दुर्मीळ होती की तिच्यासाठी सत्काराची सभा भरली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षक-लेखकांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले. पुढे वडिलांची ऐपत संपली तेव्हा याच केळुसकरांनी महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्या आधारावर एल्फिन्स्टन महाविद्यालयातून भीमराव पदवीधर झाले.

सयाजीरावांचे राज्य हे या बाबतीत अपवादच होते. त्यांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. होतकरू तरुणांना परदेशी पाठवायचे आणि त्यांच्या विद्येचा उपयोग राज्यकारभाराला करून घ्यायचा, हा त्यांचा हिशेब होता. दहा वर्षांच्या नोकरीची अट याच हिशेबातून आली होती. राजाची कृपा आणि राज्याची गुंतवणूक यांतला फरक सयाजीराव जाणत होते.

पदवीनंतर भीमराव जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली आणि २ फेब्रुवारीला रामजींचे निधन झाले. घरात पत्नी रमाबाई, काही आठवड्यांचा मुलगा यशवंत आणि भावाचे कुटुंब. अशा वेळी बहुतेक तरुण मिळाली ती नोकरी धरून बसले असते, आणि त्यांना कोणी दोष दिला नसता. भीमरावांनी कोलंबियाची वाट धरली.

न्यूयॉर्कमधील निवड

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. पुढच्या तीन वर्षांत त्यांनी काय शिकले याची यादी उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन. शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषांची तोंडओळख. एकाच विद्यार्थ्याने इतके विषय घेणे आजही आश्चर्याचे वाटेल. पण यादी नीट पाहिली तर तिच्यात एक शिस्त दिसते. निम्मा भार अर्थशास्त्रावर आहे. म्हणजे ज्या विषयाला राज्यकारभारात, महाविद्यालयात आणि व्यापारात मागणी होती, तो पाया म्हणून घेतला. आणि ज्या प्रश्नाने आयुष्य व्यापले होते त्या जातीचा अभ्यास करण्यासाठी समाजशास्त्र व मानववंशशास्त्र त्याला जोडले.

प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे सार्वजनिक वित्तव्यवहाराचे तज्ज्ञ होते. भीमरावांनी त्यांच्या हाताखाली काम केले. जॉन ड्यूई यांच्या तत्त्वज्ञानाच्या तासांचा ठसा त्यांच्या विचारावर कायमचा राहिला. १९१५ साली प्राचीन भारतातील व्यापारावरील प्रबंधासह ते एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची घडण व उत्पत्ती यांवर निबंध वाचला. जातीचे मूळ स्वजातीतच लग्न करण्याच्या बंधनात आहे, अशी मांडणी त्यात होती. पुढच्या वर्षी तो छापून आला. या निबंधाने एक रुपयाही मिळवून दिला नसेल. पण जातीविषयी आज जे लिहिले जाते त्यातील फार थोडे लेखन त्याला वळसा घालून पुढे जाऊ शकते.

विद्यावेतन मोजकेच होते आणि त्यातूनच घरी पैसे पाठवावे लागत. खाण्यापिण्यात काटकसर करून उरलेले पैसे जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जात. सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी जमवली, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. वसतिगृहात नवल भथेना नावाचे पारशी विद्यार्थी त्यांचे स्नेही झाले. या मैत्रीची किंमत पुढे कळायची होती.

१९१६ साली मुदतवाढ मिळवून ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि त्याच वेळी ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीसाठी त्यांनी नाव घातले. येथेही तीच दुहेरी शिस्त आहे. एक पदवी ज्ञानासाठी आणि दुसरी पोटासाठी. दोन्ही एकाच वेळी, एकाच शहरात, एकाच खोलीच्या भाड्यात. मात्र १९१७ च्या जूनमध्ये विद्यावेतनाची मुदत संपली. प्रबंध अर्धा, बॅरिस्टरी अर्धी. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ते बोटीत चढले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि पुस्तके घेऊन निघालेली दुसरी बोट पाणतीराने बुडवली.

पदवी आहे, पण ती वटत नाही

ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत परतले. सामानाच्या नुकसानभरपाईचे पैसे बडोद्याला जाण्यासाठी उपयोगी पडले. कराराप्रमाणे नोकरी करायची होती, आणि महाराजांच्या मनात त्यांना पुढे अर्थखाते सोपवण्याचे होते. जगातील दोन नामांकित विद्यापीठांत शिकलेला अर्थशास्त्रज्ञ एका प्रगत संस्थानात रुजू होत होता. कागदावर यापेक्षा चांगला परतावा सापडणार नाही.

बडोद्यात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. हिंदू खाणावळी बंद होत्या. पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन, पारशी नाव लावून ते राहिले. कार्यालयात शिपाई कागद हातात न देता लांबून टाकत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव धर्मशाळेच्या दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याचे फर्मावून गेला. शहरात दोन परिचित होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगून आसरा नाकारला. कामाठी बागेतील झाडाखाली बसून त्यांनी उरलेला वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. पुढे लिहिलेल्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

पदवी आणि कमाई यांचे गणित मांडताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो. विद्या असली की बाजार तिची किंमत देईल. बडोद्याच्या त्या अकरा दिवसांनी दाखवून दिले की किंमत विद्येबरोबर विद्या धारण करणाऱ्या माणसाचीही केली जाते. सारखीच पदवी घेतलेल्या दोघांना सारखा पगार मिळतो असे नाही. घर, ओळख, जात, भाषा, शहर या सगळ्यांचा वाटा त्या पगारात असतो. आजची वेतनाची सरासरी वाचतानाही हे विसरून चालत नाही. सरासरी हा आकडा सर्वांचा असतो आणि म्हणूनच तो एकट्या कोणाचाच नसतो.

करारातील दहा वर्षांची नोकरी अशी काही दिवसांत संपली. परतफेडीचा प्रश्न मात्र संपला नाही. बडोद्याच्या देण्याविषयीचा पत्रव्यवहार त्यांच्या मागे पुढे काही वर्षे राहिला. ज्या अटीवर पैसे घेतले ती पाळण्याची इच्छा असूनही समाजाने ती पाळू दिली नाही, आणि देणे मात्र माणसाच्या नावावर राहिले.

मुंबईत त्यांनी शिकवण्या घेतल्या. शेअर-व्यवहारांबाबत सल्ला देणारी एक छोटी पेढी काढली. सल्ला देणारा कोणत्या जातीचा आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि पेढी बंद पडली. या काळातच त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे एकत्र करून प्रश्न सुटणार नाही. शेतीत भांडवल कमी आणि माणसे जास्त आहेत, तेव्हा जास्तीच्या हातांना उद्योगांत काम मिळाले पाहिजे, असा त्याचा आशय होता. बेकारीत लिहिलेला हा निबंध बेकारीविषयीच होता, असे म्हटले तर चूक ठरणार नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा त्यांना मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये. विद्यावेतनाच्या अडीचपटीहून हा आकडा मोठा होता. सामाजिक शास्त्राच्या पदवीने मिळवून दिलेली ही पहिली भरवशाची कमाई. तिथेही काही सहकाऱ्यांनी प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास हरकत घेतली. पण विद्यार्थी इतर महाविद्यालयांतून त्यांची व्याख्याने ऐकायला येऊ लागले.

दुसरे कर्ज

पुढचा निर्णय या सगळ्या चरित्रातील सर्वांत धाडसाचा आहे. साडेचारशे रुपयांचा पगार असताना प्राध्यापक आंबेडकर परळच्या चाळीतच राहिले. रमाबाईंच्या हाती घरखर्चाची ठरीव रक्कम द्यायची आणि उरलेली बाजूला टाकायची, असा क्रम सुरू झाला. मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी केलेले साहाय्य आणि नवल भथेनांकडून कर्जाऊ घेतलेले पाच हजार रुपये, एवढ्या पुंजीवर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. या वेळी संस्थान पाठीशी नव्हते, करार नव्हता आणि परतल्यावर ठरलेली नोकरीही नव्हती.

पाच हजार म्हणजे त्यांच्याच पगाराच्या हिशेबाने अकरा महिन्यांची संपूर्ण मिळकत. शिवाय कर्ज रुपयांत होते आणि खर्च पौंडांत. १९२० साली सरकारने रुपयाचा दर दोन शिलिंग ठरवला होता. तो टिकला नाही आणि वर्षभरात रुपया पुन्हा एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास घसरला. दोन शिलिंगांच्या दराने पाच हजार रुपयांचे पाचशे पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सच्या दराने सुमारे तीनशे तेहतीस. म्हणजे कर्ज तेवढेच राहून त्याची लंडनमधील किंमत एक तृतीयांशाने उतरते. परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या आजच्या पालकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आंबेडकरांच्या प्रबंधाचा विषय नेमका हाच होता, रुपयाचा प्रश्न. विनिमय दराच्या चढउतारांनी सामान्य माणसाचे काय होते, हे शोधण्यासाठी त्यांना ग्रंथालयाबाहेर जाण्याची गरज नव्हती.

लंडनमधील त्यांचा दिनक्रम अनेकांनी सांगितला आहे. सकाळी घरमालकिणीने दिलेला अपुरा नाश्ता, मग ब्रिटिश म्युझियम, इंडिया ऑफिस आणि लंडन स्कूलची ग्रंथालये; दारे उघडताना आत आणि बंद होताना बाहेर. दुपारचे जेवण बहुधा नाहीच. रात्री खोलीवर परतल्यावर भाजलेला पापड आणि कपभर दूध किंवा तत्सम काही, आणि पुन्हा वाचन. पैसे अपुरे पडले तेव्हा शाहू महाराजांकडे कर्जाऊ रकमेची विनंती करणारे पत्र त्यांना लिहावे लागले. किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात ते राहत होते ते १९२१-२२ मधील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. आज तिथे स्मारक आहे.

जून १९२१ मध्ये ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील प्रबंधाला एम. एस्‌सी. मिळाली. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी रुपयावरील प्रबंध सादर केला. परीक्षकांना त्यातील ब्रिटिश धोरणावरची टीका खुपली आणि मांडणी बदलून तो पुन्हा देण्यास सांगण्यात आले. पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईत परतले, येथे बसून प्रबंधाची फेरमांडणी केली, निष्कर्ष कायम ठेवले आणि वर्षअखेर डी. एस्‌सी. ही पदवी त्यांना मिळाली. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह तो ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

कोलंबियाची पीएच. डी. तर आणखी लांबली. प्रबंध १९१७ सालीच स्वीकारला गेला होता, पण छापील प्रती दिल्याशिवाय पदवी मिळत नसे. ग्रंथ १९२५ मध्ये निघाला आणि पदवी १९२७ मध्ये हाती आली. तो ग्रंथ त्यांनी सयाजीराव गायकवाडांना, शिक्षणासाठी केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञतेने अर्पण केला. ज्या संस्थानच्या शहरात एक रात्र काढायला जागा मिळाली नाही, त्या संस्थानच्या अधिपतीचे ऋण त्यांनी असे जाहीरपणे मान्य केले.

रमाबाईंच्या नावावरील खर्च

या जमाखर्चात एक नोंद कोणत्याही कागदावर नाही. पती परदेशी असताना रमाबाईंनी चाळीतल्या खोलीत संसार ओढला. दागदागिन्यांचा प्रश्नच नव्हता. शेणी थापण्यासारखी कामे करून त्यांनी दिवस काढल्याचे त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात. पाच अपत्यांपैकी चार अल्पवयात दगावली. यशवंत तेवढे वाचले. १९३५ साली रमाबाईंचे निधन झाले. तोवर दादरला पुस्तकांसाठी बांधलेले राजगृह उभे राहिले होते, पण त्या घरातील सुख त्यांच्या वाट्याला फार काळ आले नाही.

उच्च शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता अनेकदा असा दुसऱ्याच कोणाच्या आयुष्यातून कापला जातो. भावाला शिकवण्यासाठी बहीण थांबते, मुलाच्या शुल्कासाठी आई औषध पुढे ढकलते. बाबासाहेबांच्या यशाची गोष्ट सांगताना ही नोंद वगळली, तर हिशेब जुळल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो जुळत नाही. याची जाणीव त्यांना स्वतःला होती. फाळणीच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण केला.

परतावा कुठून आला

१९२३ नंतर पैसे मिळाले ते प्रामुख्याने वकिलीतून. सनद काढण्याइतकी रक्कमही जवळ नव्हती. तेव्हाही भथेनाच मदतीला आले. सुरुवातीला पक्षकार येत नसत. म्हणून १९२५ ते १९२८ या काळात एका खाजगी संस्थेत व्यापारी कायदा शिकवण्याची अर्धवेळ नोकरी त्यांनी केली. पुढे शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक आणि १९३५ मध्ये प्राचार्य झाले. बॅरिस्टरीची जी जोड त्यांनी १९१६ साली अर्थशास्त्राला दिली होती, तिने घर चालवले. सामाजिक शास्त्रे शिकू इच्छिणाऱ्याने त्यांच्या चरित्रातून व्यवहाराचा एक धडा घ्यायचा असेल तर तो हा. ज्या विषयाने प्रश्न समजतो तो जरूर निवडावा. पण त्याच्या शेजारी चरितार्थाचे एक कौशल्य असावे. आज ते कायदा असेल, संख्याशास्त्र असेल, अध्यापन असेल किंवा भाषांतर.

मग अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र यांवर खर्च झालेली वर्षे वाया गेली का? डिसेंबर १९२५ मध्ये भारतीय चलनाविषयीच्या रॉयल कमिशनसमोर त्यांनी साक्ष दिली, ती रुपयावरील ग्रंथाच्या बळावर. १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना सरकार दरडोई शिक्षणावर किती खर्च करते आणि अबकारी करातून किती मिळवते, हे आकडे त्यांनी शेजारी ठेवले आणि मागासलेल्या वर्गांसाठी शिक्षण शक्य तितके स्वस्त करण्याची मागणी केली. १९३७ मध्ये कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले. त्यामागे शेतीच्या अर्थकारणाचा अभ्यास होता. पुढे राज्यघटना घडवताना केंद्र आणि प्रांत यांच्या वित्तीय संबंधांविषयी त्यांना जे ठाऊक होते ते एम. एस्‌सी. आणि पीएच. डी.च्या प्रबंधांतून आलेले होते. यातील कशाचाही पगाराच्या पावतीवर उल्लेख नाही. वैयक्तिक परतावा कमी आणि सामाजिक परतावा अमाप, असे जे अर्थशास्त्रज्ञ म्हणतात, त्याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

येथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. या चरित्राचा आधार घेऊन कोणीही डोळे मिटून कर्ज काढावे, असा अर्थ निघत नाही. आंबेडकरांनी डोळे मिटून काहीच केले नाही. पहिल्या खेपेस त्यांनी परतफेड पैशांत नव्हे तर नोकरीत करायची असलेली मदत घेतली. दुसऱ्या खेपेस आधी दीड वर्ष नोकरी करून बचत केली, मग उरलेल्या गरजेपुरते कर्ज घेतले, आणि तेही सावकाराकडून नव्हे तर ज्याला आपली पारख होती अशा मित्राकडून. विद्यापीठाकडून परत येण्याची लेखी मुभा आधीच घेऊन ठेवली. खर्च पोटाला चिमटा घेऊन आवरला. आणि तरीही नशिबाचा भाग उरलाच. केळुसकर भेटले नसते, सयाजीराव किंवा शाहू महाराज नसते, भथेनांनी हात आखडता घेतला असता, तर तीच बुद्धिमत्ता परळच्या एखाद्या कचेरीत कारकुनी करत राहिली असती. तशा किती राहिल्या असतील याची गणती कोणी केलेली नाही.

ही गोष्ट सर्वांत नीट ओळखली ती त्यांनी स्वतः. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मिळावा असा आग्रह त्यांनी धरला आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ती आजही चालू आहे. जुलै १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. नोकरी करून शिकणाऱ्यांना सोयीचे व्हावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरत. काही वर्षांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. स्वतःला जे कर्जाने आणि कृपेने मिळवावे लागले ते पुढच्या पिढीला हक्काने मिळावे, असा या कामाचा रोख होता.

१९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

या महिन्यात गोव्यातील अनेक घरांत ती वही पुन्हा उघडेल. मुलीला समाजशास्त्र घ्यायचे आहे, मुलाला अर्थशास्त्र. तिथे कर्जाचा आकडा अवश्य लिहावा, व्याज आणि हप्ता लिहावा, शिष्यवृत्तीच्या अटी पुन्हा वाचाव्यात, आणि घरातल्या कोणाला काय सोडावे लागणार आहे तेही लिहावे. त्यानंतर मुलाला किंवा मुलीला हाच विषय का हवा आहे, हे शांतपणे विचारावे. उत्तर ठाम असेल आणि सोबत चरितार्थाचा एखादा मार्ग आखलेला असेल, तर दुसरे पान कोरे आहे एवढ्याच कारणासाठी नाही म्हणू नये.